मिनिट की मिलिरेडियन? लांब पल्ल्याच्या नेमबाजीत दुरुस्तीसाठी कोणते कोनमाप वापरावे?

पन्नास_मीटर, कोथरूड

नमस्कार. मी बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलातील रेंजवर ५० मीटर प्रोन (पालथे झोपून नेम धरण्याच्या) प्रकाराचा सराव करतो. या अंतरावर कोनाचा विचार करण्याची वेळ माझ्यावर कधी आलीच नाही. गोळी एक वलय डावीकडे गेली तर डायॉप्टरचे (बारीक छिद्राच्या मागच्या साइटचे) किती क्लिक फिरवायचे हे हाताला सवयीने माहीत आहे, आणि तेवढ्यावर काम भागते. आता मात्र मला ३०० मीटरची तयारी करायची आहे, आणि त्यापुढे संधी मिळालीच तर एफ-क्लासमध्ये, म्हणजे दुर्बीण लावून १००० यार्डांपर्यंतच्या अंतरावर, नेमबाजी करून पाहायची आहे. त्यासाठी आमच्या क्लबमधले एक ज्येष्ठ नेमबाज आपली वापरलेली दुर्बीण मला देऊ करत आहेत. तिच्या रेटिकलवरच्या (आतून दिसणाऱ्या रेघांवरच्या) खुणा मिलमध्ये आहेत, पण टरेटवर, म्हणजे दुरुस्तीसाठी फिरवायच्या चकतीवर, एका क्लिकला पाव मिनिट (कोनाचे) असे लिहिलेले आहे.

माझ्या शंका अशा आहेत. एक मिनिट म्हणजे १०० यार्डांवर एक इंच, असे काही जण सांगतात, तर काही जण १.०४७ इंच सांगतात. एवढ्या लहान फरकाकडे लक्ष देण्याची खरोखर गरज आहे का? मिलच्या बाबतीत तर वर्तुळाचे भाग कुणी ६२८३ सांगतो, कुणी ६४०० आणि कुणी ६०००, त्यांतले दुर्बिणीवरचे मिल कोणते समजायचे? आणि ज्याला मीटर-सेंटिमीटरची सवय आहे, पण ज्या स्पर्धांकडे त्याचे लक्ष आहे त्या यार्डांत मोजल्या जातात, अशा माणसाने दोहोंपैकी कोणते माप निवडावे? मापे मिसळलेली ही दुर्बीण घ्यावी की नाही, हेही कृपया सांगावे.

रेंजवरचा_जुना, बाणेर

तुमच्या तिन्ही शंकांचे मूळ एकाच ठिकाणी आहे. आपण कोनात करायची दुरुस्ती मनात आधी इंचांत किंवा सेंटिमीटरमध्ये उतरवतो आणि मग पुन्हा कोनात नेतो. हा मधला प्रवास टाळता आला तर निम्मा गोंधळ आपोआप संपतो. टरेट फिरवल्याने टार्गेटवर गोळी किती सेंटिमीटर सरकेल हे अंतरावर अवलंबून असते, पण कोन अंतरावर अवलंबून नसतो. एक क्लिक ५० मीटरवर जेवढा कोन वळवतो तेवढाच १००० यार्डांवरही वळवतो. म्हणून लांब पल्ल्याच्या नेमबाजाच्या वहीत ‘अमुक अंतराला इतके इंच खाली’ असे न लिहिता ‘अमुक अंतराला इतके मिनिट’ किंवा ‘इतके मिल’ असेच लिहिलेले असावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता आकडे पाहू. पूर्ण वर्तुळाचे ३६० अंश आणि एका अंशाची ६० मिनिटे, म्हणजे वर्तुळात २१,६०० मिनिटे होतात. एका मिनिटाचा कोन १०० यार्डांवर १.०४७ इंच आणि १०० मीटरवर २९.१ मिमी व्यापतो. मिलिरेडियन, थोडक्यात मिल, म्हणजे त्रिज्येच्या एक हजाराव्या भागाइतक्या लांबीचा कंस जो कोन करतो तो. त्यामुळे १०० मीटरवर त्याचे बरोबर १० सेंमी होतात आणि ०.१ मिलचा एक क्लिक १०० मीटरवर एक सेंटिमीटर सरकवतो. मिलमध्ये काम करणाऱ्याला एकच भागाकार पुरतो, तो असा की चूक मिलिमीटरमध्ये मोजावी आणि तिला मीटरमधल्या अंतराने भागावे. समजा ३०० मीटरवर तुमच्या ग्रुपचा (टार्गेटवर लागलेल्या गोळ्यांच्या समूहाचा) मध्य ९० मिमी खाली आहे. ९० भागिले ३०० म्हणजे ०.३ मिल, अर्थात ०.१ च्या टरेटवर तीन क्लिक वर. हीच दुरुस्ती मिनिटांत करायची तर ३०० मीटरवर एक मिनिट म्हणजे ८७.३ मिमी हे ध्यानात ठेवावे लागते. उत्तर एक मिनिटाहून किंचित जास्त, म्हणजे पाव मिनिटाचे चार क्लिक असे येते. गोळी दोन्ही रीतींनी मध्यावरच जाईल.

इंच आणि १.०४७ इंच यांच्यातला फरक ४.७ टक्के आहे. ३०० मीटरवर एखाद-दोन मिनिटांची दुरुस्ती करताना तो जाणवणारही नाही. पण १०० यार्डांवर झिरो केलेल्या (गोळी बरोबर मध्यावर लागेल अशा जुळवलेल्या) .३०८ कॅलिबरच्या रायफलला १००० यार्डांसाठी, गोळीचे वजन, वेग आणि हवा यांनुसार, साधारण ४० मिनिटांच्या आसपास उंची द्यावी लागते. ४० खरी मिनिटे त्या अंतरावर ४१९ इंच होतात आणि इंचाच्या हिशेबाने ४०० इंच. म्हणजे १९ इंचांचे अंतर पडले. अमेरिकेच्या एफ-क्लासच्या १००० यार्डांच्या टार्गेटवर सर्वांत आतल्या एक्स-वलयाचा व्यास ५ इंच, दहाचा १०, नवाचा २०, आठाचा ३० आणि साताचा ४४ इंच असतो. मध्यापासून १९ इंच सरकलेली गोळी थेट साताच्या वलयात जाते, आणि वाचताना किरकोळ वाटलेल्या ४.७ टक्क्यांपायी तीन गुण गमवावे लागतात. काही दुर्बिणींचे टरेट खरोखरच १०० यार्डांना एक इंच या मापाने बनवलेले असतात आणि तरीही बोलताना त्यालाही मिनिटच म्हटले जाते. म्हणून माहितीपुस्तिकेतला आकडा पाहिल्याशिवाय कोणतेही गणित सुरू करू नये.

मिसळलेल्या दुर्बिणीबद्दल सांगायचे तर मी ती घेणार नाही. एक मिल म्हणजे ३.४३८ मिनिटे, म्हणून पाव मिनिटाच्या टरेटवर एका मिलला पावणेचौदा क्लिक लागतात. रेटिकलमधून पाहून ‘१.४ मिल खाली’ असे वाचले की ४.८ मिनिटे, म्हणजे १९ क्लिक, असा हिशेब वारा बदलण्यापूर्वी डोक्यात करावा लागतो. सरावात ते जमतेही, पण सामन्यात घड्याळ चालू असताना नेमबाजाचे लक्ष वाऱ्याच्या झेंड्यांवर असायला हवे, पाढ्यांवर नव्हे. रेटिकल, टरेट आणि वहीतला तक्ता ही तिन्ही एकाच मापात असावीत, मग ते माप कोणतेही असो.

तोफखाना_निवृत्त, वानवडी

मिलच्या तीन आकड्यांविषयी थोडे लिहितो, कारण माझी नोकरी याच मापात गेली. देवळालीच्या तोफखाना प्रशिक्षणात पहिल्या आठवड्यापासून आमच्या हातात मिलमध्ये आखलेली साधने असत.

खऱ्या मिलिरेडियनने वर्तुळाचे भाग पाडले तर ६२८३.१८५ असे कधीही न संपणारे उत्तर येते, कारण त्यात पाय (π) बसलेला आहे. असा आकडा एखाद्या वर्तुळाकार पट्टीवर कोरता येत नाही आणि त्याचा चौथा किंवा आठवा भागही नीट पडत नाही. म्हणून नाटो देशांनी ६४०० हा आकडा स्वीकारला. काटकोन १६०० मिलचा आणि त्याचा अर्धा ८०० मिलचा, असा तो स्वच्छ विभागतो. सोव्हिएत पद्धतीत ६००० भाग धरले गेले, तर स्वीडनमध्ये बराच काळ ६३०० भागांची पद्धत होती. या सगळ्यांच्या मागे हेतू एकच होता. एक किलोमीटरवर एक मीटर रुंदीची वस्तू साधारण एक मिल दिसते, त्यामुळे रुंदी मीटरमध्ये आणि पल्ला किलोमीटरमध्ये घेऊन साधा भागाकार केला की कोन मिळतो आणि निरीक्षकाला तक्ते उघडावे लागत नाहीत.

या सोयीची किंमत किती, तेही पाहा. ६४०० मधला एक मिल खऱ्या मिलिरेडियनच्या ०.९८२ पट असतो. १००० मीटरवर १० मिलची दुरुस्ती खऱ्या मापाने १० मीटर होईल आणि ६४०० च्या मापाने ९.८२ मीटर. अठरा सेंटिमीटरच्या या फरकाने तोफगोळ्याच्या परिणामात काही बदल होत नाही. पण वर दिलेल्या टार्गेटवर दहाच्या वलयाची त्रिज्या जेमतेम पावणेतेरा सेंटिमीटर आहे, म्हणजे नेमबाजाची गोळी तेवढ्यानेच दहाच्या बाहेर पडते. आजच्या क्रीडा-दुर्बिणींवर मिल किंवा ‘एमरॅड’ असे लिहिलेले असते तेव्हा साधारणतः खरा मिलिरेडियनच अभिप्रेत असतो. जुनी किंवा लष्करी बनावटीची दुर्बीण असेल तर मात्र ते तपासून घ्यावे. होकायंत्रावरचा मिल आणि दुर्बिणीवरचा मिल एकच आहे असे समजून आकडे इकडून तिकडे नेऊ नयेत.

गणित_शिकवते, सदाशिव पेठ

मी नेमबाज नाही, पण माझी मुलगी एअर रायफल खेळते आणि त्यामुळे हा विषय घरात रोज निघतो. वरच्या चर्चेतला ३.४३८ हा आकडा वाचून मला राहवले नाही, म्हणून लिहीत आहे.

वर्तुळाच्या परिघाची २१,६०० मिनिटे धरली आणि त्याच मापात त्रिज्या मोजली तर २१,६०० भागिले २ पाय, म्हणजे ३४३७.७५ असे उत्तर येते. आर्यभटाने पाचव्या शतकाच्या अखेरीस दिलेल्या ज्यांच्या (आजच्या भाषेत साइनच्या) कोष्टकात त्रिज्या ३४३८ धरलेली आहे, ती याच कारणाने. आपल्या पंचांगात ग्रहांची स्थिती ज्या अंश-कला-विकलांमध्ये छापलेली असते त्यांतली कला म्हणजेच नेमबाजांचे मिनिट. त्रिज्या ३४३८ कलांची असेल तर तिचा हजारावा भाग ३.४३८ कलांचा होणार. मिल आणि मिनिट यांतला विनिमयदर हाच आहे. तो पाठ करण्याऐवजी तो कुठून आला हे एकदा पाहिले की विसरणे कठीण जाते.

त्या कोष्टकाची पहिली ओळ तर या चर्चेसाठीच लिहिल्यासारखी आहे. २२५ कलांच्या, म्हणजे पावणेचार अंशांच्या, कोनाची ज्या त्यात २२५ च दिलेली आहे. कोन लहान असेल तर कंस आणि ज्या यांत फरक करण्याची गरज उरत नाही, हे त्या एका ओळीवरून दिसते, आणि ‘चूक भागिले अंतर म्हणजे कोन’ हा तुमचा रेंजवरचा भागाकार त्याच तत्त्वावर उभा आहे. तो किती अचूक आहे हे मी मोजून पाहिले. ४० कलांच्या दुरुस्तीसाठी १००० यार्डांवर कंस आणि स्पर्शज्या यांतला फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास येतो. त्यामुळे त्रिकोणमितीची फलने काढत बसण्याचे कारण नाही. चूक होते ती इंच-कलेच्या गोंधळात किंवा यार्ड आणि मीटर यांच्या अदलाबदलीत. १००० यार्ड म्हणजे ९१४.४ मीटर, हे तर कधीच दृष्टीआड होऊ देऊ नये.

४० कला म्हणजे केवढा कोन हे डोळ्यांसमोर यावे म्हणून सांगते, की आकाशात सूर्याचे किंवा पूर्ण चंद्राचे बिंब साधारण ३१ ते ३२ कलांचे दिसते. हजार यार्डांसाठी रायफलला दिलेली उंची पूर्णचंद्राच्या रुंदीपेक्षाही जास्त असते, आणि दहाचे वलय त्याच अंतरावरून एका कलेहूनही थोडे लहान दिसते. माझ्या मुलीच्या १० मीटरच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, म्हणजे सुमारे ०.१७ कला. तो ठिपका आणि हजार यार्डांवरचे दहाचे वलय यांची तुलना मिलिमीटर आणि इंचांत करताच येत नाही. कोनात ती एका ओळीत होते.

पन्नास_मीटर, कोथरूड

सर्वांचे मनापासून आभार. बाईंनी सांगितलेला ३४३८ चा संबंध मी प्रथमच ऐकला आणि आता तो आकडा विसरणे शक्य नाही.

दोन गोष्टी अजून विचारतो. मापे मिसळलेली दुर्बीण घ्यायची नाही असे ठरवले, पण दुसरी घेताना तिचा टरेट खरोखर लिहिल्याप्रमाणेच सरकतो की नाही हे गोळी न झाडता तपासता येते का? आणि ३०० मीटरला दुर्बीण चालत नाही, डायॉप्टरच वापरावे लागते. त्याच्या एका क्लिकचा कोन कसा काढायचा?

रेंजवरचा_जुना, बाणेर

दुर्बीण तपासण्यासाठी रायफलची गरजच नाही. ती एखाद्या जड, न हलणाऱ्या स्टँडवर घट्ट बसवा आणि फीतीने बरोबर ५० मीटर मोजून समोरच्या भिंतीवर मोठ्या खुणांची पट्टी ओळंब्याने उभी लावा. रेटिकलचा मध्य पट्टीच्या एका टोकावर आणून टरेट १० मिल फिरवला, तर मध्य ५० सेंमी सरकला पाहिजे. मिनिटांचा टरेट असेल तर ३० मिनिटांना ४३.६ सेंमी यायला हवेत. ४१.७ सेंमीच आले तर तो टरेट यार्ड-इंचाच्या मापाचा आहे असे समजावे. या तपासणीतच आणखी एक गोष्ट कळते. रेटिकलची उभी रेघ ओळंब्याशी समांतर नसेल, तर टरेट वर फिरवताना मध्य बाजूलाही सरकत जातो. ४० मिनिटांच्या उंचीवर एका अंशाचा तिरकेपणासुद्धा १००० यार्डांवर सात इंचांहून अधिक बाजूला नेतो, आणि नेमबाज ती चूक वाऱ्याच्या माथी मारतो.

रेटिकलवरच्या खुणा कोणत्या आवर्धनाला खऱ्या आहेत तेही पाहा. रेटिकल पहिल्या प्रतलात असेल तर आवर्धन बदलले तरी खुणांचा कोन तोच राहतो. दुसऱ्या प्रतलात असेल तर तो एकाच ठरावीक आवर्धनाला बरोबर असतो. ३०० मीटरच्या टार्गेटचे सर्वांत बाहेरचे वलय एक मीटर व्यासाचे असते आणि ते ३.३३ मिल दिसले पाहिजे, त्यामुळे ही खात्री रेंजवर उभ्या उभ्या करता येते.

एफ-क्लाससाठी तुम्ही मिनिट घ्या, असे मी सुचवेन, आणि ते केवळ यार्डांमुळे नव्हे. १००० यार्डांवर ०.१ मिलचा क्लिक ३.६ इंच सरकवतो, पाव मिनिटाचा २.६ इंच आणि एक अष्टमांश मिनिटाचा १.३ इंच. एक्स-वलय पाच इंचांचे आहे, त्यामुळे बारीक क्लिकचा तिथे खराखुरा उपयोग होतो. शिवाय ती परंपराही मिनिटांत बोलते. इंग्लंडमधल्या बिस्लेच्या मैदानावर, जिथे कोल्हापूरच्या राजांनी दिलेल्या आणि १८७१ पासून खेळल्या जाणाऱ्या ‘कोलापोर’ चषकासाठी आजही ३००, ५०० आणि ६०० यार्डांवर सांघिक सामना होतो, तिथे शेजारचा नेमबाज वारा सांगतो तो मिनिटांतच. मराठी मुलुखाचे नाव असलेल्या त्या सामन्यात आपल्याकडचे नेमबाज अधिक संख्येने दिसावेत, अशी माझी फार इच्छा आहे.

आता डायॉप्टर. इथे त्रिज्या म्हणजे पुढच्या आणि मागच्या साइटमधले अंतर. समजा तुमच्या डायॉप्टरचे छिद्र एका क्लिकला ०.०२५ मिमी सरकते आणि दोन साइटमध्ये ७५० मिमी अंतर आहे. ०.०२५ मिमीला ०.७५ मीटरने भागले की ०.०३३ मिल, म्हणजे ०.११ मिनिटांहून थोडे जास्त, असा एका क्लिकचा कोन मिळतो. तो ५० मीटरवर १.६७ मिमी आणि ३०० मीटरवर १० मिमी होतो. नळीला पुढे विस्तार जोडून साइटमधले अंतर ९०० मिमी केले तर तोच क्लिक ५० मीटरवर १.३९ मिमीच सरकवेल. विस्तार जोडल्यावर जुन्या सवयीचे क्लिक कमी पडतात ते यामुळे.

तुमच्या सवयीबद्दल एक चांगली गोष्ट सांगायची राहिली. ५० मीटरच्या टार्गेटवर एका वलयापासून पुढच्या वलयापर्यंत ८ मिमी असतात आणि ३०० मीटरच्या टार्गेटवर ५० मिमी. कोनात पाहिले तर पहिले ०.१६ मिल आणि दुसरे ०.१६७ मिल. म्हणजे एक वलय सरकवण्यासाठी तुमचा हात ५० मीटरवर जे पाच क्लिक फिरवतो, तेच पाच क्लिक, साइटचे अंतर बदलले नसेल तर, ३०० मीटरवरही एक वलय सरकवतील. फरक पडेल तो वाऱ्याचा आणि पहिल्या झिरोचा. त्यासाठी पहिल्या दिवशी मोठा कोरा कागद लावून सावकाश पाच गोळ्या झाडा, ग्रुपचा मध्य मिलिमीटरमध्ये मोजा आणि ३०० ने भागा.